घर होईपर्यंत

पुण्यामुंबईच्या कुठल्याही सोसायटीत हा मनुष्य एक तरी असतोच. वय पंचावन्न ते बासष्ट. नोकरी संपत आलेली किंवा नुकतीच संपलेली, गुडघे अजून बरे, मुलं बंगळुरूला नाहीतर त्याहून लांब. त्याने कोकणात वीस गुंठे घेतलेले असतात. त्या वीस गुंठ्यांना तो शेत म्हणत नाही, प्लॉटही म्हणत नाही. तो म्हणतो ‘जागा’. “शनिवारी जागेवर होतो,” असं लिफ्टमध्ये सांगतो, आणि आपण काही विचारायच्या आत पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढतो. त्यात सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा एवढ्या गोष्टी नेहमी असतात. रेशनकार्ड विचारलं तर मात्र घरात सापडत नाही.

आमच्या इमारतीतले असे गृहस्थ ‘जागावाले’ याच नावाने ओळखले जातात. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळकायद्यातलं ६३ वं कलम त्यांना पाठ आहे. ते स्वतः रीतसर शेतकरी आहेत. सांगलीकडे वडिलोपार्जित अकरा गुंठे आहेत आणि त्या सातबाऱ्यावरच्या सतरा नावांत एक त्यांचं आहे. त्यांच्या वाट्याच्या पट्टीवर गाडी उभी केली तर दार चुलतभावाच्या हद्दीत उघडतं. पण तेवढ्या आधारावर दापोली तालुक्यात वीस गुंठे नावावर झाले, आणि जागावाल्यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न सुरू झाला.

घराचा नव्हे. घर हा त्यांच्या दृष्टीने मिटलेला विषय आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. नकाशा लॅमिनेट करून ठेवला आहे. पैसे फ्लॅट विकल्यावर येतील, किंवा मुलगा देईल, किंवा येतील. अडलंय ते मधल्या काळाचं. घर होईपर्यंत जागेवर राहायचं कशात? हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांची नात बालवाडीत होती. ती यंदा दहावीला आहे.

सुरुवात तंबूने झाली. तंबू आणला आणि आधी सोसायटीच्या गच्चीवर लावून पाहिला. रात्री दोनला सेक्रेटरी टाकीत पाणी आहे का बघायला वर गेले आणि तंबूतून आलेलं “कोण आहे?” ऐकून उलट्या पायी खाली आले. त्यापेक्षा गंमत तंबूच्या लेबलाची. त्यावर लिहिलं होतं, ‘वॉटरप्रूफ ३००० मिमी’. या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्या कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तोवर ते झिरपत नाही. जागावाल्यांनी त्याचा संबंध थेट हवामान खात्याशी जोडला. “दापोलीचा पाऊस साडेतीन हजारांच्या आसपास,” ते म्हणाले. “तंबू तीन हजारांचा. वरच्या पाचशेचं काय करायचं?” मी म्हटलं, गणेशचतुर्थीपर्यंत तरी निघेल. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

मग कुणीतरी त्यांना दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेलं थोरोचं वॉल्डन दिलं. असं पुस्तक जागावाल्याच्या हाती देणं हा एक सार्वजनिक अपराध आहे. पुढचे काही महिने आम्ही सगळे १८४५ सालात राहत होतो. थोरोने तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची खोली बांधली, फळ्यांसाठी एका मजुराची जुनी झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली, आणि एकूण खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. हा हिशेब जागावाल्यांनी रुपयांत बदलला, त्यावर महागाई चढवली, आणि विजयी मुद्रेने वहिनींसमोर ठेवला. वहिनींनी विचारलं, “जागा कुणाची होती?” जागा एमर्सनची होती. म्हणजे सातबारा दुसऱ्याच्याच नावावर. शिवाय आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. थोरो त्या दिवशी आमच्या इमारतीतून गेला.

वहिनींबद्दल इथेच सांगून टाकतो. त्या जागेच्या विरुद्ध नाहीत. त्यांचा पहिल्या दिवसापासून एकच मुद्दा आहे: “रात्री झोपायचं कुठे ते मी बघून घेईन, सकाळी जायचं कुठे ते सांगा.” जागावाले यावर नेहमी म्हणतात, “ते होईल गं,” आणि पुन्हा मूळ विषयाकडे वळतात.

मूळ विषयात सगळ्यात मोठा काळ कंटेनरने खाल्ला. न्हावाशेवा बंदरामुळे उरणच्या बाजूला कंटेनरांची आवारंच्या आवारं आहेत. तिथे रविवारी हिंडताना काही मध्यमवयीन जोडपी दिसतात, त्यातलं एक हे. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. रिकामा असला तरी सव्वादोन टनांच्या घरात. बोटीवर एकावर एक रचायचे म्हणून सगळा भार चार कोपऱ्यांवर घेणारा, आणि म्हणूनच चार कोपऱ्यांखाली चार दगडी खांब दिले की पाया झाला, हे त्यांना फार आवडलं. खिडक्या मात्र त्यांना सहा हव्या होत्या. कंटेनरच्या नालीदार भिंतीही भार पेलायला मदत करतात, तेव्हा जिथे जिथे कापाल तिथे तिथे लोखंडी चौकट जोडून ताकद परत द्यावी लागते. आवारातल्या वेल्डरने हिशेब करून सांगितलं की सहा खिडक्यांच्या चौकटींत दुसरा कंटेनर येईल.

मग उष्णतेचा प्रश्न. एप्रिलच्या भर दुपारी त्यांनी वहिनींना एका रिकाम्या कंटेनरमध्ये उभं केलं, दार लावलं, दोन मिनिटांनी उघडलं आणि विचारलं, “कसं वाटतं?” वहिनी पनवेलपर्यंत बोलल्या नाहीत. त्यावर उपाय आहे. आतून रॉकवूल किंवा पफ पॅनेल लावता येतं. पण आतली रुंदी मुळात पावणेआठ फुटांच्या आतच. दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच अस्तर दिलं की उरतं सात फुटांच्या वर बोटभर. जागावाल्यांनी दिवाणखान्यात खडूने सात फुटांचा पट्टा आखला आणि महिनाभर त्यातच वावरले. टीव्ही पट्ट्याबाहेर असल्यामुळे मान वळवून बघायचे.

कंटेनर जवळजवळ ठरला होता. अडला तो वळणावर.

गावच्या देवळापाशी रस्ता काटकोनात वळतो. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला आंब्याची फांदी, वर विजेच्या तारा. ट्रेलर वळेल का, हे बघायला जागावाले पन्नास फुटी टेप, टोपी, वही आणि खडू घेऊन एका सकाळी तिथे उभे राहिले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा कोकणातल्या माणसाला टोपीवाला मनुष्य टेप लावताना दिसला की आपली किती जाणार आणि दर काय मिळणार, याखेरीज दुसरं काही सुचत नाही. अर्ध्या तासात वळणावर पंधरा माणसं जमली. एकाने चहा आणला. एकाने, हा एक आंबा दिसतोय पण बुंध्यापासून दोन झाडं आहेत, दोन धरा, असं बाजूला घेऊन सांगितलं. एका म्हातारीने आपल्याला काही नको, फक्त तुळशीवृंदावन तेवढं सोडा म्हणून हात जोडले. जागावाले प्रत्येकाला कंटेनरबद्दल सांगत होते आणि प्रत्येकजण, साहेब खरं बोलत नाहीत म्हणजे काम मोठं आहे, असं समजत होता. दुपारी सरपंचांचा फोन आला, की आधी ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय मोजणी कशी सुरू केलीत? दुसऱ्या दिवशी एका दूरदर्शी शेतकऱ्याने रस्त्याकडेला नुकसानभरपाईसाठी सहा कलमं लावली. ती आता धरायला लागली आहेत.

ट्रेलर वळत नाही, हेही मोजणीत निघालं. पाऊण फुटासाठी.

कॅरॅव्हॅन, घुमटाकार डोम आणि इंग्रजी ए आकाराचं झोपडं यांच्यावर फार वेळ घालवत नाही, त्यांनी घालवला. कॅरॅव्हॅनमागे एक कायदेशीर सिद्धान्त होता: चाकं असली की परवानगी लागत नाही. हे सांगणारा कोणीतरी प्रत्येक जागावाल्याला एस.टी.त नाहीतर लग्नात भेटतोच. तलाठ्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, “चाकं फिरणार आहेत का?”

दरम्यान लॅपटॉपवर एक तक्ता तयार झाला होता. खर्च, टिकाऊपणा, उष्णता, साप-विंचू, मोडल्यास येणारी किंमत आणि ‘मनाला काय वाटतं’ असे रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. सांगलीला जाताना उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या दिसल्या तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून आलेली माणसं, बांबूच्या कमानी, वर चटई आणि प्लॅस्टिक, आणि त्यात निम्मं वर्ष. संध्याकाळी ट्रक रिकामा झाला की अंधार पडायच्या आत उभं करायचं, कारण रात्री पोरं झोपवायची असतात. तिथे तक्त्याला वेळ नसतो. जागावाल्यांनी चुलीपुढल्या बाईला विचारलं, “आत हवा खेळती राहते का हो?” तिने वर बघितलं. “लई हवा येती दादा. थंडीत तर लईच.” तक्त्यात नोंद झाली: कोपी. वायुवीजन, दहापैकी नऊ.

गावातल्या तात्यांचं मत पहिल्यापासून ठाम होतं. मांगर घाला. चिऱ्याचं गुडघाभर जोतं, वर कारवीचा कूड शेणामातीने लिंपलेला, वासे, पेंढ्याचं नाहीतर कौलाचं छप्पर, पावसाच्या बाजूने झावळ्यांची झड. घर झालं की त्याच मांगरात कवळ, पेंढा, अवजारं राहतात. काही फुकट जात नाही. शेतीसाठी शेतघर म्हणून १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही त्याला जागा आहे. मला हे इतकं सरळ वाटलं की मी उत्साहाने म्हटलं, करून टाका. जागावाल्यांनी माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. इतक्या लवकर उत्तर मिळालं तर माणसाने पुढच्या शनिवारी तिथे जाऊन करायचं काय? “वाळवीचा अभ्यास करावा लागेल,” ते म्हणाले.

वाळवीचा अभ्यास चालू असताना सामान वाढत होतं. तंबू, घडीची खाट, दोन शेगड्या, सौर कंदील, पाणी गाळायचं यंत्र, आणि सापाला दूर ठेवणारी म्हणून घेतलेली एक कंप पावणारी काठी. हे सगळं तात्यांच्या पडवीत जमत गेलं आणि एक दिवस तात्यांची म्हैस खाटेत अडकली. तेव्हा सामानासाठी पत्र्याची शेड घालावी लागली. ती तीन दिवसांत उभी राहिली, कारण सामानाच्या निवाऱ्याबद्दल जागावाल्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. ते स्वतः शनिवारी तात्यांच्या पडवीत झोपत.

वहिनींनीही त्याच सुमारास तात्यांना परस्पर फोन केला. नवऱ्याला काही न विचारता, स्वतःच्या भिशीच्या पैशांतून, त्यांनी विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला संडास-बाथरूम बांधून घेतलं. चिऱ्याच्या भिंती, आलटूनपालटून वापरायचे दोन शोषखड्डे, वर स्लॅब, स्लॅबवर पाचशे लिटरची टाकी, आत पांढऱ्या टाइल्स आणि कपडे टांगायला पितळी खुंटी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वीज आणि फोन यायला बरेच दिवस गेले. तात्यांचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं, की शेडचे सगळे पत्रे गेले, एक शेजारच्या फणसावर मिळाला, तंबू अजून सापडलेला नाही, आणि संडासाला ओरखडासुद्धा नाही. वादळात कौलं उडू लागली तेव्हा तात्यांच्या घरची पाच माणसं आणि म्हशीचं पारडू त्यातच बसून राहिली. गावात त्या वास्तूला तेव्हापासून ‘पुणेकरांचा बंगला’ म्हणतात.

हल्ली जागावाल्यांना फोन येतात. नव्याने जमीन घेतलेले लोक कुणाच्या तरी ओळखीने त्यांना गाठतात आणि ते तासतास बोलतात. कंटेनर घ्या पण खिडक्या दोनच. मांगराचं जोतं उंच ठेवा. तंबूचे मिलिमीटर आणि पावसाचे मिलिमीटर यांत गल्लत करू नका, बरेच लोक करतात. पलीकडून कुणीतरी विचारतं, “तुम्ही स्वतः कशात राहिलात?” तेव्हा ते म्हणतात, “त्यासाठी तुम्हाला माझा तक्ता पाठवतो.”

परवा त्यांच्याबरोबर मीही जागेवर गेलो होतो. वहिनी टाकीत पाणी चढवत होत्या, तात्या कलमांना आळी करत होते. जागावाले बंगल्यापुढे टेप घेऊन बराच वेळ उभे होते. पुढची भिंत सहा फूट. मग त्यांनी टेप दारापासून समोर सोडला, आठ फुटांवर दगड ठेवला आणि मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं.

“तात्या, याच्याच पुढे आठ फूट पत्रा काढला, दोन बाजूंना कूड घातला, तर झाली की हो राहायची सोय! घर होईपर्यंत.”

तात्यांनी कुदळ खाली ठेवली. “होईल की साहेब. आज चिरे सांगू?”

“आज नको,” जागावाले घाईघाईने म्हणाले. “दार आत उघडायचं की बाहेर, ते आधी बघायला हवं.”