चटणीचा मुहूर्त

नवरा : मिक्सर बंद कर आधी!

बायको : का हो? शॉक लागला?

नवरा : आठ वीस झालेत. नऊ वाजू देत.

बायको : चटणीला मुहूर्त कधीपासून लागायला लागला?

नवरा : १ जुलै २०२५ पासून. टीओडी मीटर बसलाय ना आपल्याकडे? सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर युनिटमागं ८० पैसे सूट.

बायको : डबा साडेआठला निघतो.

नवरा : लोणचं दे डब्यात. लोणच्याला वीज लागत नाही.

बायको : मिक्सर ५०० वॉटचा. चटणीला लागतात तीन मिनिटं. म्हणजे एका युनिटात चाळीस चटण्या. ८० पैशांना चाळीस, तर एका चटणीमागं दोन पैसे वाचले. दोन पैशांचं नाणं शेवटचं कधी बघितलंत?

नवरा : प्रश्न पैशांचा नाही, सवयीचा आहे. गीझर घे. दोन किलोवॉट. अर्ध्या तासात एक युनिट.

बायको : म्हणून काल सूनबाईला म्हणालात, आंघोळ साडेनऊला कर. ती आठ दहाच्या लोकलला असते. रविवारी कर म्हणायचं राहिलं तुमचं.

नवरा : ते सुचलं होतं.

बायको : आणि स्वस्त वीज म्हणून तुमचा टीव्ही दिवसभर चालू. शंभर युनिटांच्या पुढं दर किती चढतो, ते बघितलंत? ८० पैसे वाचवायला दहा रुपये जाळायचे!

नवरा : अगं, यामागं शास्त्र आहे. दिवसा सौर वीज उदंड. सूर्य मावळला की मागणी वाढते आणि वीज महाग घ्यावी लागते. म्हणून वीज नियामक आयोगानं दर असे लावले, की लोकांनी कामं दिवसा उरकावीत.

बायको : लोक दिवसा घरात असतात कुठं? दोघं नोकरीवर, पोरं शाळेत. नऊ ते पाच दाराला कुलूप. सवलत मिळाली ती कुलपाला.

नवरा : आपल्या घराला कुठं कुलूप असतं? मी असतो ना.

बायको : तेच तर! पस्तीस वर्षं नऊ ते पाच कचेरीत होतात, तेव्हा घर कसं चालतं ते कळलं नाही. आता घरी आलात आणि माझ्या हातात वेळापत्रक दिलंत. धुणं अकराला, इस्त्री दोनला, दळण चारला. पाचनंतर मी काय करायचं?

नवरा : आराम.

बायको : संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार? आयोग?

नवरा : चिडतेस कशाला? त्यापेक्षा सरळ सोलर बसवू. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे.

बायको : आपण दुसऱ्या मजल्यावर. गच्ची सोसायटीची. पापड वाळत घातले तर सेक्रेटरी नोटीस काढतात. सूर्य वाळत घालाल?

नवरा : या महिन्याचं बिल बघ, सूट मिळाल्ये. ४० युनिटांचे ३२ रुपये.

बायको : त्यातली निम्मी युनिटं फ्रिजची. तो तुमच्या वेळापत्रकाआधीपासून दिवसा चालतोय. आणि गीझरला टायमर आणलात तो साडेचारशेचा. बिलात बाकी बघा : स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. एवढे आकार, आणि सवलत तेवढी निराकार!

नवरा : मग हरकत नोंदव. दर ठरवण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो. कुणीही जाऊन बोलावं.

बायको : सुनावणी किती वाजता असते?

नवरा : असेल की... कचेरीच्या वेळात.

बायको : म्हणजे नऊ ते पाचमध्येच.

नवरा : (घड्याळाकडे बघत) आठ सव्वीस झाले. चौतीस मिनिटं थांबायला काय जातं तुझं?

बायको : डबा जातो.

(मिक्सर सुरू होतो.)