विषय : हरवलेले नियोजनकार सापडल्याबाबत

प्रति,
नीती आयोग, नवी दिल्ली.

संदर्भ : आपला शहरी नियोजनाच्या क्षमतेविषयीचा सप्टेंबर २०२१ चा अहवाल.

महोदय,

संदर्भीय अहवालात आपण देशाला एक चिंतेची बातमी दिली होती. राज्यांच्या नियोजन विभागांत नियोजनकारांची १२,००० हून अधिक पदं हवीत, मंजूर आहेत ४,००० पेक्षा कमी आणि त्यांतलीही निम्मी रिकामी. दर ७५,००० शहरी माणसांमागे एक नियोजनकार असावा, असं आपलं माप. केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया येथून आपणास कळवण्यास आनंद होतो की नियोजनकार सापडले आहेत. तेही एकेका ग्रामपंचायतीत पाच-सहा. ते हरवले नव्हतेच. पाच खात्यांच्या पाच हजेरीपटांवर ते पाच नावांनी बसले होते, आणि त्यांतलं एकही नाव ‘नियोजनकार’ असं नव्हतं, म्हणून आपल्या मोजणीत आले नाहीत. आपल्या मापानं हिशेब केला तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे १३ लाख २२ हजारांच्या गोंदिया जिल्ह्याला तीन नियोजनकार पुरतात, कारण शहरी माणसं सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. उरलेल्या अकरा लाखांसाठी आपलं माप शून्य निघतं. या अकरा लाखांचं नियोजन होत नसेल असं मात्र समजू नये. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनं पंचायतींना आर्थिक विकासाचे आणि सामाजिक न्यायाचे आराखडे करायला सांगितलं, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय त्यांच्या पुढ्यात ठेवले, आणि महाराष्ट्रानं २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून हे काम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या गळ्यात घातलं. आराखडा दरवर्षी होतो. तो कोण करतं, एवढंच विचारायचं राहून गेलं.

तर ऐका. ऑक्टोबर उजाडला की गावफेरी निघते, शिवारफेरी निघते. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीनं गाव काढलं जातं : मधून रस्ता, निळ्या रांगोळीचा तलाव, त्याच्याखाली बोडी, चालू हातपंपाच्या जागी अख्खी बांगडी आणि बंद पडलेल्याच्या जागी फुटकी. गरोदर बाई कोणत्या घरात आहे हे आशाताईला पाठ असतं, कोणतं लेकरू कमी वजनाचं आहे हे अंगणवाडीच्या बाईंना, कोणत्या बचतगटाचं कर्ज थकलंय हे सीआरपीताईला (समुदाय संसाधन व्यक्ती) आणि कोणत्या टोलीवरचे मजूर कामाला निघून गेलेत हे रोजगार सेवकाला. सगळं फरशीवर मांडून होतं, फोटो निघतो, फोटो वर जातो, आणि झाडू मारला जातो. पुढे महिला सभा, बालसभा, वंचितांची सभा, कच्चा आराखडा, ग्रामसभा, तांत्रिक छाननी, मग संगणक चालक रात्री नेटवर्क मिळेल तेव्हा तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवतो. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातली शहरं पायी फिरून हेच सांगत होता की आधी पाहणी, मग आराखडा. त्याला त्याबद्दल संस्थानिक बोलावून घेत आणि मुंबई विद्यापीठानं प्राध्यापकी दिली. आमच्याकडे या कामाला ‘अतिरिक्त’ म्हणतात.

आता पगाराचं. हा शब्द चुकून आला, माफी असावी. आमच्या बाजूला पगार नसतो, मानधन असतं. ‘ना मान, ना धन’ ही घोषणा आझाद मैदानावर इतकी घासली गेलीय की तिची धार उरली नाही, म्हणून ती बाजूला ठेवून नुसते आकडे देतो. राज्याच्या नगर रचना विभागानं २०२४ मध्ये रचना सहायकांची २६१ पदं जाहीर केली, वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८००, महागाई भत्ता वेगळा. योग्यच आहे, त्यातला एक रुपयाही कमी करा असं आमचं म्हणणं नाही. आता दोन हजारांवर वस्ती असलेल्या एखाद्या गावातली मंडळी एका बाकावर बसवू. २०२४ च्या दुपटीनंतर सरपंचाला ८,०००. वाढीनंतर अंगणवाडी सेविकेला १३,०००. रोजगार सेवकाला ८,०००. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या सीआरपीताईला ३,००० चे झाले ६,०००. चौघांची बेरीज ३५,०००. म्हणजे गावाचा आराखडा करणारे चार जण मिळून शहराचा आराखडा करणाऱ्या एका नवशिक्या सहायकाच्या मूळ वेतनाला पुरत नाहीत. आणि ही बेरीजसुद्धा आराखड्याची नाही. ती पोषण आहाराची, हजेरीपटाची, बचतगटाची. आराखड्याच्या कामापोटी यांना किती मिळतं हे काढायला गेलं तर बेरीज करावीच लागत नाही. कायम नोकरी आहे ती एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, कालच्या ग्रामसेवकाची. त्याचीही पहिली तीन वर्षं कंत्राटी, परवापरवापर्यंत ६,००० आणि आता १६,००० रुपयांवर, आणि बहुतेक वेळा शेजारच्या गावाचा प्रभार खांद्यावर.

यात एक गंमत आहे, ती आपल्यासारख्या अर्थशास्त्र जाणणाऱ्यांनी पाहावी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ बाया निघाल्या. इतका सरळ तराजू देशात फार ठिकाणी नाही. पण आराखड्याच्या बाकावर नजर फिरवली की मानधनाच्या जागांवर बायाच जास्त दिसतात. आशा बाईच असावी हा नियम, अंगणवाडी सेविका बाईच असावी हा नियम, सीआरपी बचतगटातून येते म्हणून बाईच. सरपंचपदांत निम्म्या जागा बायांच्या, हे महाराष्ट्रानं २०११ मध्ये केलं आणि चांगलं केलं, पण सही करणारी खुर्ची बाईला मिळाली तरी त्या सहीखालची तयारी करणाऱ्या खुर्च्या मानधनावरच राहिल्या. अमेरिकेतल्या नियोजनकारांची संघटना आपल्या सभासदांच्या पगाराची पाहणी करते. कोण किती वर्षांचं, बाई की पुरुष, गोरं की काळं, कुणाला किती मिळतं हे एका तक्त्यात येतं, आणि तक्त्यात तफावत दिसली की भांडता येतं. आमच्याकडे तफावतच नाही, कारण तक्ता नाही. आशा आरोग्यात, सेविका महिला-बालविकासात, सीआरपी ‘उमेद’मध्ये, रोजगार सेवक रोजगार हमीत, संगणक चालक आणखी कुठे. प्रत्येकीनं आपल्या खात्याकडे मागावं, आणि खात्यानं म्हणावं की आराखडा आमचा विषय नाही. विषमता झाकायची इतकी स्वस्त युक्ती कुठल्या कारखानदाराला सुचली नव्हती. एकाच कामाचे पाच तुकडे करून पाच खात्यांत ठेवले, की काम होतं आणि कामगार दिसत नाही.

आपल्या मनात हरकती आल्या असतील. पहिली : हे लोक नियोजनकार नव्हेत, त्यांची पदवी कुठे आहे? महोदय, आपल्याच अहवालात लिहिलंय की अनेक राज्यांत नियोजनाच्या पदांसाठी नियोजनाची पदवी ही आवश्यक अटच नाही. वर सांगितलेल्या रचना सहायकालाही स्थापत्य किंवा तत्सम शाखेची तीन वर्षांची पदविका चालते. तेव्हा पदवीचा दरवाजा शहरासाठी उघडा ठेवून गावासाठी कडी लावता येणार नाही. आणि ज्ञानाचंच म्हणाल तर याच तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालायची, कोणत्या बांदीत किती उतरेल हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानं कोणत्या महाविद्यालयात शिकलं होतं? त्यांच्या आराखड्यात तीनशे वर्षं पाणी टिकलंय. आमच्या पोर्टलवरचा आराखडा मार्च संपला की आटतो.

दुसरी हरकत जास्त खरी आहे आणि ती टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. हे आराखडे असतात तरी काय? बऱ्याच गावांत मागल्या वर्षीचीच यादी पुढे सरकते : सिमेंट रस्ता, नाली, समाजमंदिर, परत रस्ता. मिरचीसाठी नाव असलेल्या केशोरीच्या परिसरात मिरचीला पाणी, वाळवण आणि बाजार हा आराखड्याचा पहिला प्रश्न असायला हवा, पण साच्यातल्या रकान्यांत मिरची बसत नाही आणि नाली चटकन बसते. मग अशा कामाला पैसे कशाला द्यायचे? हरकत मान्य, निष्कर्ष उलटा. ज्याला वेळेचे पैसे मिळत नाहीत तो वेळ वाचवणारच, आणि वेळ वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग मागल्या वर्षीची यादी. त्यात आराखड्याची मोहीम ठेवलीय २ ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर. नेमका तेव्हा हलका धान कापणीला येतो, मागून भारी धान, मग बांधणी, पुंजणे, मळणी. महिला सभेला ज्या बायांनी बसायचं त्या विळा घेऊन बांदीत असतात, कारण तिथे रोज मिळतो. ६,००० ला ३० नं भागलं तर २०० येतात, आणि रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरीच होती ३१२. सीआरपीताईचं काम पूर्ण दिवसाचं नाही, हे कबूल. पण सभेसाठी बाया गोळा करत ती घरोघरी फिरते तो दिवस अर्धा नसतो.

तिसरी हरकत तिजोरीची. पैसे आहेत कुठे? पंचायतीकडे येणारा मोठा पैसा वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेले ४० टक्के अबंधित, पण वेतन आणि आस्थापना खर्च वगळून. म्हणजे आराखडा करणाऱ्यांनी जो पैसा मांडायचा, त्यातला एकही रुपया आराखडा करणाऱ्याला देता येत नव्हता. नियम कडक खरा, पण मनात आणलं की वाकतो. १४ व्या आयोगाच्या काळात राज्यातल्या ग्रामपंचायती ‘आपले सरकार’ सेवा केंद्राच्या संगणक चालकापोटी दरमहा १२,३३१ रुपये भरत होत्या आणि त्यातले जेमतेम निम्मे चालकाच्या हाती पडत. मधली व्यवस्था आली की तेच पैसे ‘वेतन’ न राहता ‘सेवा’ होतात. तेव्हा अडचण पैशाची नसून शब्दाची आहे, आणि शब्द बदलणं आपल्याला नवीन नाही. आपण स्वतः २०१५ पर्यंत योजना आयोग होतात.

चौथी हरकत भल्या माणसांची असते म्हणून तिला वेळ देतो. पैसे आले की लोकसहभाग मरतो, गावानं गावाचं काम उत्साहानं करावं, शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावानं करून दाखवलं नाही का? दाखवलं. पण त्यांना काय मिळालं तेही पाहा. मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकला की पैसा गावाचा. ज्याच्या आराखड्याचं पीक त्याच्याच कोठीत येतं, त्याला बैठकीचा भत्ता कशाला? कोहळ्यांचंही तेच होतं. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला तलावाखाली भिजणारी जमीन दिली, असं सांगतात. ते फुकट राबले नव्हते, त्यांचा मोबदला ओलिताखाली होता. उत्साह मालकीतून येतो. इथे सीमा ओलांडून गडचिरोलीत गेलं की अनुसूचित क्षेत्र लागतं, आदिवासी भागांसाठीच्या ‘पेसा’ कायद्याखालचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतींना थेट मिळतो. गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रात नाही. जंगल तेच, माणसं तीच, पण रेघेच्या अलीकडे मालकी पातळ होते. आमची सीआरपीताई ना कोलू पाटलासारखी मालक, ना रचना सहायकासारखी नोकर. मालकी द्यायची नसेल तर मजुरी द्यावी, मजुरी परवडत नसेल तर मालकी द्यावी. दोन्ही नाकारून उत्साह मागायचा, याला आमच्याकडे बेगार म्हणत.

तेव्हा विनंती एवढीच : पुढच्या वेळी देशातले नियोजनकार मोजाल तेव्हा शहराची वेस ओलांडा. आपण ज्या खात्यांबद्दल लिहिलंत त्यांच्या नावात नगराबरोबर ग्रामही असतं. आशा, सेविका, सीआरपी, रोजगार सेवक, संगणक चालक आणि ग्रामपंचायत अधिकारी एका तक्त्यात मांडा, समोर वय, शिक्षण, बाई की पुरुष आणि आराखड्यासाठी गेलेले दिवस लिहा, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवसांचे मिळालेले पैसे. तक्ता भरायला मनुष्यबळ नसेल तर चिंता नसावी. तो आमच्याच सीआरपीताईकडे येईल, अतिरिक्त काम म्हणून.

कळावे,
आपला,
केशोरीचा एक रहिवासी

ता. क. : उत्तर पोर्टलवर दिलंत तरी चालेल. फक्त त्याआधी पदनामाच्या यादीत ‘नियोजनकार’ हा पर्याय घालून घ्या. सध्या तिथे ‘इतर’ निवडावं लागतं.