तक्तेवाला

अमुक कार्ड घेऊ की तमुक, असं कुणी सहज विचारलं की ज्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही, आणि ज्याच्या तासाभराच्या उत्तरात ‘घे’ एवढा एकच शब्द सापडत नाही, तो तक्तेवाला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर आणि हिंजवडीच्या ऑफिसांत असा एक तरी असतोच. त्याने एक्सेलमध्ये ग्राफिक्स कार्डांचा तक्ता बांधलेला असतो: कोअर किती, मेमरी किती, बस किती बिटांची, वॅट किती, आणि शेवटच्या रकान्यात एका फ्रेममागे पडणारे रुपये. हा हिशेब तो पैशापर्यंत काढतो. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं; याच्या तक्त्यात ते अजून चालतं. लोक त्याला हसतात ते आकड्यांच्या या नादामुळे, आणि तिथेच ते चुकतात. आकड्यांना भुलणारा तो नव्हेच, भुलतात ते बाकीचे. त्याचं ज्ञान खरं आहे, कष्टाने मिळवलेलं आहे. पंचाईत एवढीच, की ते त्याच्याखेरीज सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

आधी त्याची बाजू. खोक्यावर छापलेला आकडा सहसा खोटा नसतो, पण एकटा आकडा फारसं काही सांगतही नाही. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४,३५२ कोअर होते. दोन वर्षांनी आलेल्या ३०८० मध्ये ८,७०४, म्हणजे बरोब्बर दुप्पट. भोळं गिऱ्हाईक दुप्पट वेगाची आशा धरतं. फोर-केवर हाती लागते साधारण तीस टक्के वाढ, खालच्या रिझोल्यूशनवर तेवढीही नाही. याचं कारण तक्तेवाला सांगेल, थांबवलं तरी सांगेल. आधीच्या पिढीत पूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग वेगळा होता. नव्या पिढीत त्यालाच दशांशांचंही काम शिकवलं आणि कोअरच्या मोजणीत धरलं. गेममध्ये पूर्णांकांचं काम निघालं की तो भाग तिकडे गुंततो आणि दुपटीतला बराचसा वाटा कागदावरच राहतो. शेर तोच म्हणायचा आणि मापटं बदलायचं, असा हा प्रकार. टेराफ्लॉप्सची तीच गत: २०१७ सालचं एएमडीचं व्हेगा ६४ साडेबाराच्या वर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० नऊच्या आसपास, आणि गेममध्ये दोघांत उन्नीस-बीसचा फरक. मेमरीचं तर विचारूच नका. आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी, आणि त्याच्याहून महाग आणि वेगवान असलेल्या ३०६० टीआयला ८. धाकट्याच्या पानात जास्त का? तर १९२ बिटांच्या बसवर मेमरीच्या चिपा सहाच्या हिशेबात बसतात. ६ जीबी दिली असती तर फारच तोकडी दिसली असती, म्हणून १२. दुकानात जाऊन ‘बारा जीबीवालं दाखवा’ म्हणणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. तक्तेवाला सांगतो, आणि फुकट सांगतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, आकडे इतके फसवे असतील तर सरळ चाचण्या बघाव्या, कुठलं कार्ड किती फ्रेम देतं ते पाहावं आणि मोकळं व्हावं. तक्ता हवा कशाला? म्हणणं बिनतोड वाटतं खरं. पण २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० चं काय झालं ते तक्तेवाल्याला तोंडपाठ आहे. ‘क्वेक ३’ या गेममध्ये कार्ड छान पळत होतं. परीक्षकांनी गेमच्या फाइलमधलं ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केलं, तर वेग उतरला आणि चित्र सुधारलं! गेमचं नाव ओळखून ड्रायव्हर चित्राचा दर्जा गुपचूप कमी करत होता. अलीकडचा मासला अधिक सभ्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० च्या तोडीचं असल्याचं एनव्हिडियाच्या प्रमुखांनी व्यासपीठावरून सांगितलं. त्या तोडीत कार्डाने खरोखर रेखाटलेल्या एका फ्रेममागे कृत्रिम बुद्धीने रचलेल्या तीनपर्यंत फ्रेम धरलेल्या होत्या. म्हणजे चाचणी खोटं बोलते तेव्हा तक्ता बघावा लागतो, आणि तक्ता खोटं बोलतो तेव्हा चाचणी. २०२२ मध्ये १२ आणि १६ जीबीची दोन कार्डं ४०८० या एकाच नावाने जाहीर झाली. एकात ७,६८० कोअर, दुसऱ्यात ९,७२८. जगभरच्या तक्तेवाल्यांनी असा गिल्ला केला, की कंपनीने बारावालं मागे घेतलं आणि पुढल्या जानेवारीत ४०७० टीआय म्हणून शंभर डॉलर उतरवून विकलं. हे शंभर डॉलर ज्यांचे वाचले त्यांतल्या कितीजणांनी आपल्या मित्राला निदान एक कटिंग पाजला असेल?

आता त्याची स्वतःची अवस्था बघा. त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो, सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. १४४ फ्रेम देणारं कार्ड बरं की १६५ देणारं, हा वाद तो या पडद्यासमोर बसून घालतो. खेळतो काय, तर काउंटर-स्ट्राइक, जे त्याच्या जुन्या कार्डावरही सुखाने चालतं. कार्ड तो घेत नाही, कारण पुढची पिढी सहा महिन्यांत येणार असते, आणि ती आली की तिचं ‘सुपर’ रूप येणार असतं. थांबण्यात शहाणपण आहे, वस्तू स्वस्त होत जातात, असं त्याच्या वतीने म्हणता येईल. एरवी ते खरंही आहे. पण २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेलं ३०८० क्रिप्टो खणणाऱ्यांमुळे आणि चिपांच्या टंचाईमुळे २०२१ मध्ये दुपटीने विकलं जात होतं, तेव्हाही तो थांबलेलाच होता. मग भाव पडले, तर म्हणाला अजून पडतील. माझ्या मते त्याला कार्ड नकोच असतं. कार्ड घेतलं की तक्त्यातल्या बाकीच्या चाळीस ओळी एका दिवसात निरुपयोगी होतात, आणि एवढा संसार मोडायची हिंमत त्याच्यात नाही.

घेतो तो एकदाच, जुनं कार्ड जळतं तेव्हा, आणि तेही नेमकं शनिवारी संध्याकाळी. लॅमिंग्टन रोडवरचं दुकान बंद व्हायला आलेलं असतं, मनातलं मॉडेल ‘सोमवारी येईल’ आणि समोर जे असतं ते तीन पंख्यांचं, रोषणाईवालं. पंखे मोजून कार्ड घेणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवलेली असते. तरी तो ते घेतो, घरी आणतो, कॅबिनेट उघडतो, आणि कार्ड आत जाता जात नाही. तक्त्यात सतरा रकाने होते. लांबीचा नव्हता.