दरवर्षी अधिक मास

प्रति,
२८ दिवसांना महिना म्हणून विकण्याची युक्ती ज्यांना सर्वप्रथम सुचली, ते अनामिक सद्गृहस्थ यांस,



तुमचं नाव कुठेच छापून आलेलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. सीझरने महिन्यांची फेरमांडणी केली, तर त्याच्या नावाचा जुलै झाला. पोप ग्रेगरीने १५८२ साली दहा दिवस गाळले, तर अख्खं कॅलेंडर त्याच्या नावावर चढलं. तुम्ही तर फेब्रुवारी सोडून सगळ्या महिन्यांचे दोन-दोन, तीन-तीन दिवस कापलेत, आणि तेही कोट्यवधी लोकांच्या खिशातून, आणि एवढं करून पडद्याआड राहिलात. इतका विनय हल्ली पाहायला मिळत नाही.

आपल्या पंचांगातही अधिक मास असतो. चंद्र आणि सूर्य यांचा हिशोब जुळवायला तो साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला बोलावतात, चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवतात, आणि पुढची दोन-अडीच वर्षं सासरे निर्धास्त असतात. तुमचा अधिक मास मात्र दरवर्षी येतो आणि कायमचे जावई तुम्हीच. अठ्ठावीस तेरी तीनशे चौसष्ट. बारा महिन्यांच्या वर्षात मोबाइलचे तेरा रिचार्ज.

गंमत म्हणून एकदा भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी हे लिहून पाहिलं. १ जानेवारीला रिचार्ज मारला की २८ तारखेला संपतो. मग २९ जानेवारी, मग २६ फेब्रुवारी, २६ मार्च, २३ एप्रिल, २१ मे. पगार एक तारखेला आणि रिचार्ज मात्र जवळपास दर खेपेला थोडा थोडा आधी, बरोबर हात तंग असतो त्या दिवसांत शिरणारा. तेरावा पडतो ३ डिसेंबरला आणि ३० डिसेंबरला तोही संपतो. ३१ डिसेंबरला फोन बंद! वर्षभर इमानेइतबारे पैसे भरलेल्या माणसाला ‘हॅपी न्यू इयर’ म्हणायला चौदावा रिचार्ज. ही रचना नुसत्या हावेतून सुचत नाही. त्याला काहीतरी काव्यदृष्टी लागते.

लोकांनी ओरड केली, तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी दरआदेशात सहासष्टावी दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन पूर्ण तीस दिवसांचा ठेवावा आणि किमान एक असा, की जो दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. महिन्यात ती तारीखच नसेल तर शेवटच्या दिवशी. म्हणजे महिना किती दिवसांचा असतो हे सांगायला या देशात सरकारी आदेश काढावा लागला! तुमच्या कामाचा याहून मोठा गौरव कोणता? ‘किमान’ हा शब्दही तुमच्याकडच्या मंडळींनी फार मनावर घेतला असणार, कारण तो प्लॅन ॲपमध्ये शोधायचा तर सणाच्या, क्रिकेटच्या आणि वेब सीरिजच्या जाहिराती ओलांडून खाली खाली उतरावं लागतं.

पण मी केवळ तक्रार करायला बसलेलो नाही. तुम्ही आम्हाला निवडीचं स्वातंत्र्यही दिलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. दर महिन्याला भरा, नाहीतर वर्षाचे एकदम भरा. कसं निवडायचं, हे आम्ही तुमच्याच आकड्यांवरून पाहू.

३ जुलै २०२४ ला दर वाढले, त्या दिवशीची जिओची यादी घ्या. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ चा २९९ झाला, म्हणजे पंचवीस टक्के वाढ. तेवढ्याच डेटाचा ८४ दिवसांचा ६६६ चा ७९९ झाला, वाढ वीस टक्के. म्हणजे तीनदा मारणाऱ्याला ८९७ आणि एकदा मारणाऱ्याला ७९९. दर महिन्याला त्याच तारखेला नव्याने भरायचा, आदेशातून जन्मलेला प्लॅन ३१९ चा. वर्षाकाठी बारा वेळा, ३,८२८ रुपये. २८ दिवसवाला तेरा वेळा, ३,८८७. फरक एकोणसाठ रुपयांचा. फेब्रुवारीत तर ३१९ भरून मिळतात अठ्ठावीसच दिवस, तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसत असाल.

खरा झटका पुढे आहे. रोज अडीच जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन ३९९ ला होता. तेरा वेळा भरा, ५,१८७. तेवढाच डेटा वर्षभरासाठी एकदम घेतला तर ३,५९९. दीड हजारावर रुपये वाचले! आता मला सांगा, हे कुणाचे वाचले?

आमच्या नाक्यावर मोबाइलचं दुकान आहे. काचेवर दरांचा कागद चिकटवलेला, जुन्या किमतींवर पेनाने काट, बाजूला नव्या. संध्याकाळी तिथे उभे राहा कधी, गाडीतून उतरून. बांधकामावरून आलेला पोरगा घडी घातलेल्या नोटा काढून म्हणतो, ‘महिन्याचा मार.’ दुकानदारही काही विचारत नाही, नंबर विचारतो आणि मारतो. त्या पोराला वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो हे कळत नाही असं नाही. त्याच्यापाशी साडेतीन हजार एकरकमी नसतात, इतकंच. आणि रिचार्ज टाळायचा तर मुकादमाचा फोन येणार नाही, बँकेचा ओटीपी येणार नाही. म्हणून ज्याच्या खिशात कमी, तोच दिवसाला जास्त मोजतो. २७ जून २०२४ ला दरवाढ जाहीर झाली आणि ३ जुलैला लागू झाली. मधल्या त्या दिवसांत जुन्या भावाने वर्षाचा प्लॅन मारून ठेवायची संधी होती. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी साधली. त्या पोराचा पगार तेव्हा व्हायचा होता.

तर मग पैसेवाल्यांनी डोळे मिटून वर्षाचा घ्यावा? तिथेही तुम्ही फासा टाकलेलाच आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर एक मेसेज, चार दिवस चालणारा कोड, त्याच परिमंडळात तीन कामाच्या दिवसांत बदल. पण उरलेला प्लॅन सोबत येत नाही, तो तिथेच बुडतो. वर्षाचे पैसे भरून माणूस बदली होऊन खेड या गावी गेला आणि घरात एक काडीही रेंज नाही, की तो उरलेले नऊ महिने अंगणातल्या फणसाखाली उभा राहून बोलतो. पावसाळ्यात छत्री घेऊन. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही, दंडही नाही. आधीच दिलेले पैसे त्याला धरून ठेवतात.

शिवाय तुमच्या धंद्यात दीर्घ मुदतीच्या वचनांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत आयुष्यभर इनकमिंगचे प्लॅन आले होते. बऱ्याच आजोबांनी ते भक्तिभावाने घेतले. आयुष्यभर म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत असेपर्यंत, हे नंतर कळलं. आणि २०१८ अखेरीस तर नुसतं इनकमिंग चालू ठेवायलाही पस्तीस रुपयांचा रिचार्ज मागायला सुरुवात झाली. किती दिवसांचा, हे तुम्हाला सांगायला नको.

वर्ष म्हणजे तरी पूर्ण वर्ष का? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांना नुसत्या कॉल आणि मेसेजचे प्लॅन द्या, आणि विशेष व्हाउचरची मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ पर्यंत नेली. साधारण महिन्याभरात एका कंपनीने १,८४९ ला ३६५ दिवस दिले, तर दुसरीने १,७४८ ला ३३६. स्वस्त वाटला ना दुसरा? बारा गुणिले अठ्ठावीस! वर्षाच्या कपड्यांत तुमचंच लेकरू. दिवसाला पहिला ५ रुपये ७ पैसे, दुसरा ५ रुपये २० पैसे. आमच्या आईला मी पहिलाच मारून दिला. ती इंटरनेट वापरत नाही, गाव सोडत नाही, तिथे त्या कंपनीचा टॉवर शाळेमागेच आहे आणि तिला दर अठ्ठावीस दिवसांनी ‘आपली सेवा बंद होणार आहे’ असा धमकीचा मेसेज वाचून घाबरायचं नाही. अशा माणसाला वर्षाचाच बरा.

माझा स्वतःचा मी त्याच तारखेचा ठेवला आहे, वर्षाला एकोणसाठ रुपये वाचतात म्हणून नव्हे, तर पाच तारीख म्हणजे पाच तारीख, हे लक्षात राहतं म्हणून. आणि घराशेजारच्या नव्या इमारतीने सिग्नल अडवलाच, तर महिन्याच्या पैशांवर पाणी सोडून दुसरीकडे जाता येतं. नव्या गावी, नव्या नोकरीवर गेलेल्या पोरापोरींनाही मी हेच सांगतो: आधी एक-दोन महिने भरून स्वयंपाकघरात, जिन्यात, बसस्टॉपवर फोन लावून बघा, मग ८४ दिवसांचा घ्या, आणि रेंज टिकली तरच वर्षाचा.

तुम्हाला एकच विनंती आहे. त्या नाक्यावरच्या पोराला वर्षाच्या भावाने महिन्याचा प्लॅन द्या. ३,५९९ भागिले बारा, तीनशेच्या आत येतात. त्याला डेटा तेवढाच लागतो, टॉवर तोच वापरतो, आणि तो तुमच्याकडे वर्षभर राहणारच आहे; जाईल कुठे? पैसे आगाऊ मिळतात म्हणून सवलत देतो, असं तुम्ही म्हणाल. मान्य, आगाऊ रकमेचं व्याज असतंच. पण ३,५९९ वर दीड हजाराचं व्याज आमच्या गावचा सावकारही दिवसाढवळ्या मागत नाही.

उत्तर जरूर द्या, पण कृपया पोस्टाने. मेसेज पाठवलात तर तुमच्याच कंपनीच्या ‘आजच रिचार्ज करा’च्या ढिगाऱ्यात तो मला सापडायचा नाही.

आपला,
तेरावा रिचार्ज नाकारलेला एक ग्राहक