अण्णांचं सोवळं

तालुक्याच्या गावात गॅरेजं चिक्कार असतात, पंपवाला मात्र एखादाच, आमच्याकडे अण्णा. दुकानावर पाटी असते 'डिझेल पंप व नोझल स्पेशालिस्ट'. ती वाचून एखादा नवखा कॅन घेऊन डिझेल मागायला येतो आणि अण्णांच्या शिव्या खाऊन परत जातो. अण्णा इंजिनाला हात लावत नाहीत, ब्रेककडे बघत नाहीत, टायर तर त्यांच्या खिजगणतीत नाही. त्यांचा संबंध फक्त इंजिनाला मापून डिझेल पाजणाऱ्या पंपाशी. पंपाच्या कंपनीचं नाव 2008 साली बदलून बॉश झालं, पण अण्णांच्या तोंडी ती अजून मायकोच आहे.

शेजारच्या गॅरेजात माणूस, मांजर आणि कॅलेंडर एकाच काळ्या रंगाचे. अण्णांच्या खोलीत पांढरी फरशी आणि कडक सोवळं. कॉटन वेस्ट आत आणायचा नाही, त्याचे धागे सुटतात. पंप उघडा असेपर्यंत पंखा बंद, मग बाहेर मे महिना का असेना. पत्र्याच्या ट्रेमध्ये गाळलेलं डिझेल, त्यात बोटं बुडवल्याशिवाय सुट्ट्या भागांना स्पर्श नाही. ही सगळी थेरं वाटतात, पण पंपातला दट्ट्या म्हणजे प्लंजर आणि त्याची नळी म्हणजे बॅरल, यांच्यामधली फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते आणि माणसाचा केस सत्तरच्या आसपास. धुळीचा एक कण त्या फटीत शिरला की हजारोंचं काम निघतं. शिवाय प्रत्येक प्लंजर आपापल्याच बॅरलमध्ये बसतो, म्हणून चार जोड्या नंबर टाकलेल्या चार वाट्यांत. एका शिकाऊ पोरानं मदत म्हणून त्या वाट्या एकत्र रिकाम्या करून घासून ठेवल्या होत्या. तो आता मोबाइलच्या दुकानात असतो.

जुनी जीप घेऊन गिऱ्हाईक येतं तेव्हा पंपावर साबण थापलेला, त्यावर एमसील, त्यावर सुतळी.

"काय न्हाई हो अण्णा, थेंब थेंब गळतंय नुसतं."

"आधी कुणी उघडला होता?"

"कुणीच न्हाई."

अण्णा खाली वाकून बघतात. स्क्रूवर शिशाचं सील असायला हवं, तिथं नुसती तार लोंबत असते.

"मग सील काय उंदरानं खाल्लं?"

"घाटात पिकअप मिळंना, म्हून ड्रायव्हरनं अर्धा आटा..."

"अर्धा आटा!" यापुढचं छापता येत नाही. जास्तीच्या डिझेलनं पिकअपपेक्षा काळा धूरच जास्त मिळतो, एवढाच त्याचा सभ्य सारांश.

राग ओसरला की अण्णा पंप धुऊन कोरडा करतात आणि घरून आणलेल्या डब्यातली तोंडाला लावायची पावडर त्यावर शिंपडतात. इंजिन सुरू केलं की पावडर जिथे आधी भिजेल तिथे दुखणं. गिऱ्हाइकानं बोट लावून बघायचा प्रयत्न केला तर अण्णा पाना उगारतात. नोझलकडे जाणाऱ्या पाइपात शेकडो बार दाब असतो. बारीक धार कातडीत घुसली तर गाठ सर्जनशी.

डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरखालची रिंग किंवा वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं असेल तर अण्णा जवळजवळ हसतात. शाफ्टचं सील निघालं की गंभीर होतात. गिअरवर चालणाऱ्या पंपाचं हे डिझेल बाहेर दिसतच नाही, ते गुपचूप इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढते आणि मालक गावभर सांगतो, "आपली जीप ऑइल खात न्हाई, उलट देती." पातळ ऑइलनं बेअरिंगं गेली की मग अण्णा आठवतात.

अण्णांचा खरा राग मात्र सरकारवर आहे. 2017 साली देशभर प्रदूषणाचे बीएस-4 नियम आले, 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-6. डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं. गंधक काढताना काही अरोमॅटिक घटकही कमी होतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं नायट्राइल रबर आकसतं. "डिझेल सोवळं झालं आणि माझे पंप बाटले," असं ते म्हणतात आणि व्हायटन या दुसऱ्या रबराची सीलं बसवतात. हवा सुधारली याचं त्यांना काही नाही. आणि या आकसलेल्या रबरावर आपलं दुकान चालतं, हेही ते सोयीनं विसरतात.

रिंगेची किंमत दोन कप चहाएवढी. बिल त्याहून पुष्कळ मोठं, कारण पंप चाचणीच्या बेंचवर चढल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. "नुसती रिंग बदलून द्या की" म्हणणाऱ्याला ते बेंचवरच्या काचेच्या नळ्या दाखवतात. चारही नळ्यांत सारखं डिझेल उतरेपर्यंत जेवण नाही. माणूस विक्षिप्त आहे, तिरसट आहे, पण या बाबतीत त्याचं चुकत नाही.

तेव्हा घरी जुनी डिझेल गाडी असेल तर साबण टाकीला लावा, पंपाला नको. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर स्टार्टर न मारता गाडी ओढून न्या. आणि "कुणी उघडला होता?" असं विचारलं की खरं ते सांगून टाका, सील त्यांनी आधीच बघितलेलं असतं.