आवृत्ती नवी, रॉड ओला

डी १.१ ची २०२५ ची आवृत्ती आली. पोलादी बांधकामाच्या वेल्डिंगचा हा अमेरिकी कोड. आपल्याकडच्या ज्या फॅब्रिकेशन शेडमधून अमेरिकेला किंवा आखातात माल जातो, तिथल्या क्वालिटीच्या कपाटात तो सापडतो. कपाटाची किल्ली क्वालिटीवाल्याकडे, होल्डर वेल्डरकडे.

दोघांची गाठ ऑडिटच्या दिवशी पडते.

पुस्तकाची किंमत काही शे डॉलर. त्यामुळे शेडमध्ये प्रत एकच, बाकीच्यांकडे पीडीएफ. ती कुठून आली हे विचारायचं नसतं. कुठल्या सालची आहे, हे तर मुळीच नाही.

एक काळ होता, हा कोड दर दोन वर्षांनी बदलायचा. २००० ते २०१०, एकही सम वर्ष चुकलं नाही. एक आवृत्ती पचते न पचते तोच दुसरी दारात. पुढे बहुधा समितीलाच धाप लागली. २०१० नंतर एकदम २०१५, मग २०२०, मग २०२५. पाच वर्षांची मुदत. आमच्याकडे सरकारांचीही तेवढीच असते, कागदावर.

२०२० ची गंमत आठवते? संदर्भ आणि व्याख्यांची दोन प्रकरणं पुढे आणून बसवली आणि मागची बिऱ्हाडं दोन-दोन घरं सरकली. तपासणीचं सहावं प्रकरण आठवं झालं. वेल्ड नुसत्या डोळ्यांनी तपासायचे निकष ज्या तक्त्यात आहेत, तो ६.१ चा ८.१ झाला. मग काय, चेकलिस्ट बदला, फॉरमॅट बदला, रिपोर्टचे मथळे बदला. पंचवीस मिलिमीटरहून पातळ प्लेटला अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेची खाच, किती चालतो? साधारण एक मिलिमीटर. आधीही एकच होता.

पण पत्ता बदलला ना! पोस्टमनचं काम वाढलं.

समितीवर अन्याय नको. २०२० मध्ये खरे बदलही होते, आणि बदललेल्या मजकुराखाली रेघ मारून द्यायची या पुस्तकाची जुनी सवय आहे. जिथे रेघ, तेवढं वाचा. यापेक्षा जास्त लाड कोण करणार? तरीही बहुतेक ठिकाणी वाचलं जातं ते मुखपृष्ठ.

आता खरी मेख. नवी आवृत्ती आली म्हणजे ती लागू झाली, हे कुणी सांगितलं? लागू होते ती करारात लिहिलेली. अमेरिकेत पोलादी इमारतींच्या डिझाइनचं २०१६ चं स्पेसिफिकेशन २०१५ च्या डी १.१ कडे बोट दाखवतं, २०२२ चं २०२० च्या. म्हणजे दुकानात एक आवृत्ती, करारात दुसरी, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कॉपी-पेस्ट होत आलेली तिसरी. वेल्डरच्या हातात कुठली?

चौथी. उस्तादाने शिकवलेली.

यावर आमच्या टेंडरवाल्यांचा रामबाण ठरलेला: ‘सर्व मानके, अद्ययावत सुधारणांसह, लागू राहतील.’ एक ओळ लिहिली की गंगेत घोडं न्हालं. अद्ययावत म्हणजे टेंडर निघालं त्या दिवशी, ऑर्डर मिळाली त्या दिवशी, की गर्डर चढला त्या दिवशी? हे ठरतं भांडण झाल्यावर. वकिलाच्या ऑफिसात.

अमेरिकेने फार बदल केले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा घरात डोकावावं. आपला आयएस ८१६, मेटल आर्क वेल्डिंगचा, १९६९ चा. ‘आराधना’ आला त्या वर्षीचा. पोलादी बांधकामाचा मुख्य कोड आयएस ८०० याने २००७ मध्ये कात टाकली, डिझाइनची अख्खी पद्धत बदलली. आणि वेल्डिंगची गाठ आल्यावर काय केलं? बोट दाखवलं ८१६ कडे. सोबतीला १९९६ चा आयएस ९५९५ होता म्हणून निदान लाज राखली गेली.

तिकडे पुस्तक बदलायची घाई, इकडे धूळ झटकायचा कंटाळा. वेल्डरला दोन्हीकडून सारखंच कळतं. काहीच नाही.

मग आवृत्त्या काढतात तरी कशाला? काही वेळा कारण फार महागात पडलेलं असतं. १७ जानेवारी १९९४, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप. पोलादी चौकट वाकेल पण तुटणार नाही, अशी तोवर इंजिनिअरांची छातीठोक खात्री. इमारती उभ्या राहिल्या, सगळे खूश. मग कुणीतरी बीम-कॉलमच्या जोडावरचं आवरण काढून पाहिलं. जोडांना तडे, काही तर थेट कॉलमच्या पोटात शिरलेले. आणि असे जोड एका इमारतीत नव्हते, कितीतरी इमारतींत निघाले.

कारणं अनेक निघाली. त्यांतली दोन शेडमधल्या कुणालाही कळावीत अशी. वापरलेल्या वायरचा वेल्ड पुरेसा चिवट नव्हता. भराभर भरतो म्हणून ती लाडकी. आणि जोडाखाली लावलेली बॅकिंगची पट्टी तशीच सोडलेली. पट्टी आणि कॉलम यांच्यामधली फट म्हणजे तड्याला आयतं दार. पट्टी काढायला वेळ लागतो. वेळ म्हणजे पैसा. पुढचं सांगायला हवं?

बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, जपानात कोबे हादरलं. तिथेही पोलादी जोड तुटले.

या सगळ्याचं सार भूकंपाच्या वेल्डिंगसाठीच्या वेगळ्या पुरवणीत आलं, डी १.८. साल २००५. धरणी काही सेकंद हलली, कागद हलायला अकरा वर्षं लागली. आज त्या पुरवणीतला ‘बॅकिंग काढा’ हा शेरा ड्रॉइंगवर येतो, तेव्हा साइटवरचा पहिला प्रश्न असतो, “हे नवीन काय खूळ?” नॉर्थरिज कुणी सांगितलेलंच नसतं. शेरा पोचतो, कारण वाटेतच गळतं.

‘एवढासा तर टाका आहे’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक तारीख: २७ मार्च १९८०. उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. सुरुवात कुठे झाली? पाण्याखालचा आवाज टिपणारं एक यंत्र बसवायला एका ब्रेसवर आधार जोडला होता. त्याचा फिलेट वेल्ड सहा मिलिमीटरचा. भार पेलणारा नाही, म्हणून किरकोळ. तडा तिथून निघाला.

आता शेडमध्ये चला. कोपऱ्यात रॉड ओव्हन दिसेल. ७०१८ चा रॉड म्हणजे लो हायड्रोजन. ओल त्याची वैरी. डी १.१ चं म्हणणं साधं आहे. डबा फोडल्यावर रॉड किमान १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, बाहेर काढलेला साधा ७०१८ चार तासांच्या आत वापरा, मुदत उलटली तर पुन्हा भाजा, पण एकदाच. हे काही २०२५ चं नवल नाही, वर्षानुवर्षांचं आहे. ओव्हन उघडा. वरच्या कप्प्यात रॉड. खालच्या कप्प्यात तीन टिफिन.

भाजी गरम राहते हो! फक्त भाजीची वाफ रॉडला लागते.

आणि ओव्हनची पिन? ती काढून ग्राइंडरची लावलेली, बोर्डावर सॉकेट एकच. रॉडचा पुडा प्लेटवर उघडा पडलेला, जुलैतल्या तळोज्यात. ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि स्वस्थ बसतो. तडा लगेच दिसेल तर शपथ. म्हणून तर काही उंची ताकदीच्या पोलादांची अंतिम तपासणी वेल्ड संपल्यावर ४८ तासांच्या आत करू नका, असं कोड सांगतो. आमच्याकडे तोवर माल ट्रेलरवर चढलेला असतो, आणि बिल त्याच्याही आधी गेलेलं.

वेल्डरच्या परीक्षेचं तर विचारूच नका. डी १.१ म्हणतो, पास झालेला माणूस काम करत राहिला तर पासच. सहा महिन्यांहून जास्त खंड पडला किंवा कामाबद्दल रास्त शंका आली, तरच पुन्हा तपासा. आमच्याकडे साइट बदलली की परीक्षा, क्लायंट बदलला की परीक्षा. थ्रीजी, फोरजी (मोबाईल नव्हे, उभा जोड आणि डोक्यावरचा जोड) देऊन देऊन त्याचे केस पिकतात. कोडने सोडलेल्या माणसाला आम्ही धरतो, कोडने धरलेला ओव्हन सोडून देतो. परीक्षेची फी लावता येते. ओव्हनची कोण देणार?

नव्या आवृत्तीचं ट्रेनिंगही झालं बरं का. साठ स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, जेवणानंतर. समोर बसलेल्यांत कुणी बीडचा, कुणी छपऱ्याचा, कुणी गंजमचा. शेवटी हजेरीपत्रक फिरलं, सह्या झाल्या, फोटो निघाला. दिवे बंद होते तेव्हा कोण जागं होतं, याचा रकाना पत्रकात नाही.

मग ऑडिटर आला. चहा झाला, फाइल उघडली, आणि त्याला सापडलंच! वेल्डिंग प्रोसिजरच्या तिसऱ्या पानावर ‘डी १.१, २०१५’. एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स, निघाली, मॅनेजरच्या कपाळावर घाम, धावपळ. साहेब शेडमध्येही एक चक्कर मारून आले, हेल्मेट घालून, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून. ओव्हन पट्ट्यांच्या बाहेर होता.

एनसी त्याच संध्याकाळी बंद झाली. फाइंड, रिप्लेस, सेव्ह.