दाबणारे आणि भरणारे

घरातल्या माणसांची वर्गवारी करायच्या पद्धती पुष्कळ आहेत. चहावाले आणि कॉफीवाले. पंखा पाचावर ठेवणारे आणि तो गुपचूप दोनावर आणणारे. पहाटे उठणारे आणि पहाटे उठणाऱ्यांवर खेकसणारे. पण बेसिनवर द्रव साबणाची बाटली येऊन बसली तेव्हापासून एक नवी वर्गवारी घरोघरी लागू झाली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यांत खरी आहे : दाबणारे आणि भरणारे.

दाबणारे बहुसंख्य. ते येतात, एक तळवा पंपाच्या तोंडाखाली धरतात, दुसऱ्या हातानं त्याच्या डोक्यावर दाब देतात, फेस करतात आणि टॉवेलकडे वळतात. बाटलीत साबण येतो कुठून, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. भरणारा मात्र घरटी एकच. त्याची नेमणूक कुणी आणि कधी केली याची नोंद कुठेही सापडत नाही. रजा, बदली, निवृत्ती यांतलं काहीच या पदाला लागू नाही. आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. "अहो, साबण संपलाय हं," एवढी वर्दी आतून येते आणि वर्दी देणाऱ्याची जबाबदारी तिथेच संपते. पाहुणे तर वर्दीसुद्धा देत नाहीत. ते चार वेळा फुस्स-फुस्स करतात आणि नुसत्या पाण्यानं हात धुऊन, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं पोह्यांच्या बशीपुढे येऊन बसतात.

वडीच्या राज्यात हा भेदभाव नव्हता. वडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजायची. तिची चिपटी झाली की जो कुणी पुढे आंघोळीला जाई तो ती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवी. साबण बाटलीत शिरला आणि दृष्टीआड झाला. आणि घरातली जी गोष्ट दृष्टीआड होते ती लवकरच कुणातरी एकाच्या गळ्यात पडते.

द्रव साबण तसा जुनाच. न्यूयॉर्कच्या विल्यम शेपर्ड नावाच्या गृहस्थानं १८६५ साली त्याचं पेटंट घेतलं. थोडा साधा साबण आणि पुष्कळसं अमोनियाचं पाणी एकत्र करून त्यानं काकवीइतका दाट द्रव बनवला होता. तरी पुढची शंभरेक वर्षं हा साबण मुख्यतः कचेऱ्या, इस्पितळं असल्या सार्वजनिक जागीच राहिला. त्याला घरच्या बेसिनवर आणून बसवण्याचं मोठं श्रेय रॉबर्ट टेलर या अमेरिकन उद्योजकाचं. १९८० साली मिनेसोटातल्या त्याच्या मिनेटोंका नावाच्या छोट्या कंपनीनं 'सॉफ्टसोप' देशभर विकायला काढला. टेलरला एकच धास्ती होती. साबण काय, कुणीही करील. बड्या कंपन्यांनी मनावर घेतलं तर आपला फेस बसायला वेळ लागणार नाही. मग त्यानं साबण सोडला आणि पंप धरला. प्लॅस्टिकचे ते पंप बनवणारे कारखाने तेव्हा अमेरिकेत दोनच होते. टेलरनं त्यांच्याकडे दहा कोटी पंपांची मागणी नोंदवून टाकली, एक कोटी वीस लाख डॉलरची. मोठ्या मंडळींकडे साबण तयार होता, पण दाबायला काही नव्हतं. १९८७ साली कोलगेट-पामोलिव्हनं हा धंदाच विकत घेतला आणि टेलरच्या डोक्याची किंमत चुकती केली.

ही गोष्ट धंद्याच्या अकलेचा नमुना म्हणून सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. या बाटलीचा जन्मच मुळी दाबणाऱ्यांच्या नावानं झाला आहे. सगळी बुद्धी, सगळा पैसा पंपावर. भरणाऱ्याची आठवण कुणाला येणार? तेव्हा बाटली संपली की टाकायची आणि दुसरी आणायची, एवढाच हिशेब होता.

पंप ही चीज आहे मात्र बहारीची. निकामी झालेला एक पंप मी चाकूनं उकलून पाहिला. आत एक स्प्रिंग, एक दट्ट्या आणि एक इवलीशी काचेची गोळी. डोकं दाबलं की गोळी खालचं भोक बुजवते आणि वर साठलेला साबण तोंडातून बाहेर पडतो. हात काढला की स्प्रिंग दट्ट्याला वर उचलते, गोळीही उठते आणि नळीतून पुढचा घोट वर चढतो. दर दाबाला एक-दोन मिलिलिटर, न चुकता. साबण बाहेर जाईल तितकी हवा आत यावी म्हणून एक बारीकशी वाटसुद्धा ठेवलेली असते. दाबणाऱ्याच्या एका बोटासाठी केवढा हा खटाटोप!

आता याच बाटलीकडे भरणाऱ्याच्या बाजूनं पाहा. तिचा गळा साधारण २४ नाहीतर २८ मिलिमीटरचा, कारण पंपाच्या आट्यांचं माप तेवढं असतं. ओतणाऱ्याच्या हाताचं माप कुणी घेतलेलंच नाही. रिफिलच्या पाकिटावर 'इथे कापा' अशी तुटक रेघ असते. तिथे कापलं की तोंड बाटलीच्या गळ्याहून मोठं होतं आणि थोडं अलीकडे कापलं की साबण बाहेर यायलाच तयार नसतो. पाकिटाला पाठीचा कणा नाही. मध्ये धरलं तर ते कमरेत वाकतं, खाली धरलं तर मान टाकतं. एक हात बाटलीला, एक पाकिटाच्या बुडाला, एक त्याच्या तोंडाला असे तीन हात लागतात. देवादिकांची सोय आहे, संसारी माणसाची नाही.

ओतता ओतता गळ्याशी फेसाचा बुडबुडा येतो आणि बाटली भरली असा आभास करून देतो. तो फुटेपर्यंत थांबायचं, पुन्हा ओतायचं. अखेर काठोकाठ भरून समाधानानं पंप आत सोडला की नळीच्या आकारमानाइतका साबण शांतपणे गळ्यावरून उतरतो आणि बाटलीभोवती पसरतो. आर्किमिडीजला त्याचा सिद्धांत न्हाणीघरातच सुचला असं म्हणतात. तो युरेका म्हणून ओरडत धावत सुटला. भरणारा फडकं आणायला जातो.

यानंतर गणित. बाटली २०० मिलिलिटरची, पाकीट ७५० चं. तीनदा बाटली भरली की १५० मिलिलिटर उरतात. हे कोणत्या हिशेबानं ठरलं असेल यावर मी विचार करणं सोडून दिलं आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ते पाकीट बेसिनखालच्या कपाटात फिनेलच्या बाटलीला टेकवून उभं करतात. ते रात्री केव्हातरी आडवं होतं.

शेवटी भंगारवाला. बाटली तो घेतो. पंप मात्र त्याला नको असतो, कारण त्यात प्लॅस्टिक, पोलाद आणि काच एकत्र नांदतात. पाकिटाला तर तो हातही लावत नाही. वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटवून ते केलेलं असतं आणि पुन्हा सोडवणं कुणाला परवडत नाही. त्याला लागणारं प्लॅस्टिक बाटल्यांच्या मानानं फारच थोडं, हा त्याचा मोठेपणा खराच. पण कचरा कमी व्हावा म्हणून आणलेली वस्तूच शेवटी कचऱ्याच्या डब्यात एकटी पडलेली दिसते, तेव्हा तिची कीव येते.

मोठं भांडं साठवणीचं आणि छोटं वापरायचं ही जोडी आपल्याला काही नवी नाही. माझ्या आईची लोणच्याची मोठी बरणी माळ्यावर, दादरा बांधून, आणि छोटी फडताळात रोजच्यासाठी. दोन्ही बरण्यांच्या तोंडातून एकच पळी आत-बाहेर जाई. मोठीतून छोटी भरण्याचा सोहळा महिन्या-दोन महिन्यांनी होई आणि त्याचे नियम कडक होते. छोटी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. ती धुतली पाहिजे. उन्हात वाळवली पाहिजे. मगच नवं लोणचं. तळाशी राहिलेल्या खारावर ताजं लोणचं घालायची सूचना मी केली होती, तेव्हा आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं २००२ साली इस्पितळांसाठी हात धुण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलं आहे की अर्धवट रिकाम्या साबणाच्या भांड्यात वरून साबण घालू नये.  नियम आईचाच. उघड्या भांड्यात वरचेवर भर घातली की त्यात जंतू घर करू शकतात, आणि मग हात धुऊन आलेला माणूस धुण्याआधीपेक्षा जास्त जंतू घेऊन येण्याची शक्यता असते. घरोघरीचे दाबणारे तर याच्याही पुढे जातात. साबण तळाला गेला की ते बाटलीत पाणी घालतात, खळखळ हलवतात आणि "अजून आठवडाभर जाईल" असं जाहीर करतात. साबण टिकावा म्हणून घातलेलं औषध त्या पाण्यानं पातळ होतं आणि साबणाचा दाटपणाही जातो.

दाटपणाचं रहस्य मला बचत गटातल्या एका ताईंनी सांगितलं. त्या पाच लिटरच्या कॅनमधून हँडवॉश विकतात. "काका, यात पाणी घालू नका बरं का. मीठ बेतानं घातलंय." मी चमकलो. साबणात मीठ? "मग? मिठानंच तर तो घट्ट येतो. पण जास्त झालं की उलटा पातळ होतो." म्हणजे लोणच्याप्रमाणे इथेही सगळा खेळ मिठाच्या हाताचा आहे तर. त्यांचा कॅन स्वस्त आणि पुन्हा भरून मिळणारा. फक्त तो पाच किलोंच्या वर भरतो आणि तिरपा केला की आधी काहीच देत नाही, मग एकदम एक वाटीभर देतो. नरसाळं आपलं आपण आणायचं.

भरणाऱ्याची फिकीर ज्यांनी केली त्यांत जपानी लोक मला मोठे वाटतात. तिथे शाम्पू-साबणाची रिफिल पाकिटं बाटल्यांपेक्षा जास्त खपतात, आणि त्या पाकिटांना हातानं फाडता येणारी, गळ्यात नीट बसणारी चोच असते. काओ नावाच्या कंपनीनं १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला उंचवट्याच्या रेघा द्यायला सुरुवात केली, म्हणजे अंध माणसाला, किंवा डोळ्यांत फेस गेलेल्या कुणालाही, शाम्पू कोणता आणि कंडिशनर कोणता हे बोटांनी कळावं. त्या युक्तीवर तिनं हक्क सांगितला नाही. इतर कंपन्यांनाही वापरू दिली. आपल्याकडे २०१८ साली गोदरेजनं हँडवॉशची पावडर काढली. १५ रुपयांची पुडी, २०० मिलिलिटरची बाटली, पाणी घरचं. द्रव साबणात बहुतेक पाणीच असतं, ते ट्रकमधून गावोगाव कशाला हिंडवायचं, हा त्यातला शहाणपणा. पण मला भावलं ते निराळंच : एक पुडी, एक बाटली. चिमटा लावून उभं करायला काही उरत नाही.

माझा भाचा वस्तूंचं डिझाइन शिकतो. त्याला प्रकल्पासाठी हाच विषय मिळाला आणि तो चित्रं घेऊन आला. पांढरीशुभ्र, गोलसर, देखणी बाटली.

"छान आहे रे. भरायची कशी?"

"पंप काढून, वरून."

"गळा?"

"अठ्ठावीस."

"आत किती उरलाय ते कुठून दिसतं?"

"मामा, मॅट फिनिश आहे तो."

मी काही बोललो नाही. बहुधा आईसारखं पाहिलं असावं, कारण त्यानं वही काढली. मग मी सांगत गेलो. गळा रुंद हवा, बाटलीब्रशसकट हात फिरेल इतका. 'इथपर्यंतच भरा' अशी रेघ हवी, पंपाच्या नळीची जागा सोडून. कडेला एक उभी फट पारदर्शक, म्हणजे दाबणाऱ्यांनाही संकट आधी दिसेल. तळ मध्याकडे उतरता आणि नळी त्या खोलगटात टेकलेली, म्हणजे शेवटचा साबण बाटली उलटी करून काढावा लागणार नाही. रिफिलचा डबा ताठ, एकाच प्लॅस्टिकचा, दुकानात परत देता येणारा, बरोबर तीन बाटल्या भरतील इतका. आणि दोघांचे आटे एकमेकांना बसणारे.

दुसऱ्या खेपेला त्यानं नमुना आणला. डबा बाटलीवर उलटा बसवायचा, पाव वळसा द्यायचा, आतली झडप उघडते. साबण खाली येतो, हवा वेगळ्या वाटेनं वर जाते, आणि रेघेपाशी साबण आपोआप थांबतो. एक थेंब बाहेर नाही. मी करून पाहिलं. पत्नीनं सहज येता येता करून पाहिलं. माझ्या मुलानंसुद्धा, ज्याला स्वतःचा डबा धुता येत नाही, एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बाटली भरून दाखवली आणि म्हणाला, "बाबा, यात एवढं काय होतं?"

भाचा खुशीत होता. मला मात्र जरा चुटपुट लागली. भरणं जर दाबण्याइतकं सोपं झालं तर भरणारा हवाच कशाला? या घरात माझ्यावाचून अडतं अशी खाती आधीच दोन-तीन उरली आहेत. वीजबिल मुलगा फोनवर भरतो, गॅसचा नंबर आपोआप लागतो. सगळे जेवायला बसल्यावर मी भाच्याला बाल्कनीत नेलं आणि हळूच विचारलं, "त्या झडपेला एखादी गोम ठेवता येईल का रे? फार नाही. थोडीशी. फक्त माहीतगारालाच जमेल अशी."